पाहुण्याला कोण रागावणार?

ताई, सप्रेम नमस्कार.
मी मूळचा सांगलीचा, वय 31. तीन वर्षं झाली जपानमधल्या हामामात्सुत आहे, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत डिझाइनचं काम करतो. वीस महिन्यांपूर्वी घराजवळच्या दोजोत (सरावाच्या जागी) केन्दो, म्हणजे बांबूच्या तलवारीचा जपानी खेळ, सुरू केलं. मंगळवार आणि शनिवार, एकही आठवडा चुकवला नाही. इक्क्यू, म्हणजे पहिल्या दर्जाच्या आधीची पायरी, झालाय. सेन्सेई (आमचे गुरुजी) 72 वर्षांचे आहेत. शाळेतल्या पोरांवर ते छत उडेल इतके ओरडतात, माझ्यापाशी आले की 'जोझु, जोझु' (छान, छान) म्हणून पुढे जातात. एकदा सरावात मी विचारलं की हा फटका असाच का मारायचा, तर सगळे गप्प झाले आणि सेन्सेई नुसते हसले. 'गाइजिन (परदेशी) जोरावर खेळतात' असं एक सेनपाई, म्हणजे माझ्याआधीपासून शिकणारे, म्हणाले. फरशी पुसायला गेलो तर राहू द्या म्हणतात. भिंतीवर सगळ्यांच्या नावांच्या लाकडी पाट्या आहेत. माझ्यानंतर आलेल्या एका जपानी बाईंची पाटी सहा महिन्यांत लागली, माझी अजून नाही. पहिल्या दिवशी 'इथे किती दिवस?' एवढं विचारलं होतं, मी म्हणालो वर्ष-दोन वर्षं, बघू. त्यापलीकडे कुणी काही विचारत नाही. डिसेंबरच्या बोनेनकाईला (वर्षअखेरच्या मेजवानीला) मी गेलो नाही, कारण शाकाहारी आहे आणि पीत नाही. तासाभरावर दुसरा दोजो आहे. तिथे निम्मे परदेशी, शिकवणंही इंग्रजीत. गुपचूप तिकडे जाऊ का? आमचे आजोबा तालमीतले. ते म्हणायचे, वस्ताद हाक मारत नसेल तर तिथं घाम गाळू नये.
तुमचा, पाटीविना

प्रिय पाटीविना,

ताई म्हणालास, म्हणून एकेरीवर येते. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या सेन्सेईंचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना मधल्या एका वाक्यापाशी थांबले, तू ते असंच जाता जाता लिहिलंयस. 'वर्ष-दोन वर्षं, बघू.' त्याकडे येतेच, पण आधी ते 'जोझु' संपवू.

जपानमध्ये परदेशी माणसानं चॉपस्टिक्स धरल्या तरी जोझु, 'आरिगातो' म्हटलं तरी जोझु. त्या शब्दाला कौतुक समजू नकोस आणि अपमानही समजू नकोस. आपण काय करतो? पुण्यात एखादी जर्मन मुलगी 'मी चहा पितो' म्हणाली तर आपण टाळ्या वाजवतो. तिचं 'पितो' कोणी दुरुस्त करत नाही. तेच घरातल्या सुनेनं 'ळ'चा 'ल' केला की सासू तिथल्या तिथे टोकते. पाहुण्याला कोण रागावणार?

सुनेवरून आठवलं. लेकी बोले सुने लागे, ही म्हण तुला ठाऊक असेलच. तुझ्या शेजारच्या दहा वर्षांच्या पोरावर सेन्सेई 'मिगिते! मिगिते!' (उजवा हात!) म्हणून ओरडतात तेव्हा तुझा उजवा हात काय करत असतो, हे कधी बघितलंस का? मोठेपणी केन्दो सुरू करणाऱ्या बहुतेकांचं दुखणं तेच असतं: शिनाई (बांबूची तलवार) डाव्या हातानं चालवायची, उजव्यानं नुसती दिशा द्यायची, आणि आपण उजव्यानं लाकूड फोडतो. वयानं मोठ्या माणसाला, त्यातून परदेशी पाहुण्याला, चारचौघांत टोकायची त्यांना भीड वाटते. म्हणून पोराला ओरडतात. वीस महिन्यांत तू ऐकलेल्या ओरडण्यातलं निम्मं तुझ्यासाठी होतं, असं मी पैजेवर सांगते. पुढच्या शनिवारी कान त्या पोराकडे ठेव. नुसतं बघून शिकण्याला इथे 'मितोरिगेइको' म्हणतात आणि तो सरावाचाच भाग मानतात.

जोराबद्दलचं ते वाक्य मात्र मला आवडलं नाही. सेनपाईंचं निरीक्षण बरोबर असेल, पण त्यात 'गाइजिन' कशाला हवं होतं? हा हट्टी समज आहे: आमच्याकडे तंत्र, बाहेरच्यांकडे अंगमेहनत. 1964च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ज्युदोच्या खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या अँटॉन गेसिंकनं कामिनागा आकिओंना हरवलं तेव्हा बरेच जण म्हणाले, एवढ्या धिप्पाड माणसापुढे काय चालणार. त्या दिवशी आनंदानं मॅटवर धावत येणाऱ्या आपल्याच पाठीराख्यांना गेसिंकनं हात वर करून थोपवलं होतं. अंगाच्या जोरावर जिंकणाऱ्याला हे सुचत नाही. केन्दोतही 2006 साली ताइपेइच्या विश्वस्पर्धेत जपानचा पुरुष संघ उपांत्य फेरीत अमेरिकेकडून हरला आणि सुवर्ण कोरियाला गेलं. हे सेनपाईंना ऐकवायला जाऊ नकोस. घरी येऊन स्वतःलाच ऐकव, आणि उजवा हात सैल कर.

आता ते वाक्य.

पहिल्या दिवशी 'किती दिवस?' असं विचारलं, ते शिष्टाचार म्हणून विचारलं असं तू धरून चाललास. हामामात्सुत हा प्रश्न शिष्टाचाराचा नसतो. तुझं गाव जपानमधल्या मोठ्या ब्राझिली वस्त्यांपैकी एक. 1990 साली कायदा बदलला आणि जपानी वंशाचे ब्राझिली कामगार तुझ्या भागातल्या कारखान्यांत येऊ लागले. त्यांची मुलं इथल्या शाळांत वाढली. मग 2008ची मंदी आली, नोकऱ्या गेल्या, आणि 2009मध्ये सरकारनं मायदेशी परतायला माणशी 3 लाख येन, कुटुंबातल्या बाकीच्यांना प्रत्येकी 2 लाख येन देऊ केले. पुष्कळ घरं रिकामी झाली. जीव लावलेलं पोर एका महिन्यात निघून जाणं म्हणजे काय, हे त्या गावातल्या सत्तरीच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. त्यात तू आलास आणि म्हणालास, वर्ष-दोन वर्षं, बघू.

आपल्या मराठीत 'बघू' म्हणजे अजून ठरलं नाही. त्यांनी ऐकलं ते असं: हा जाणार.

मग ज्यांचं काम पिढ्या घडवायचं, त्यांनी काय करावं? केन्दोत काळाचा हिशेब कसा चालतो ते तुला आता कळू लागलं असेल. शोदान (पहिला दान, म्हणजे दर्जा) मिळाल्यावर निदानला (दुसऱ्याला) एक वर्ष, निदाननंतर सानदानला (तिसऱ्याला) आणखी दोन. हाचिदानची (आठव्या दानची) परीक्षा वयाच्या 46व्या वर्षाआधी देताच येत नाही आणि शंभरात जेमतेम एखादा उत्तीर्ण होतो. तुझ्या दोजोत कुणी सातव्या दानचे आजोबा असतील तर ते वर्षानुवर्षं ही परीक्षा देऊन नापास होत असतील आणि दुसऱ्या दिवशी सरावाला हजर असतील. या माणसांच्या घड्याळात तुझे वीस महिने म्हणजे सकाळचे सव्वासात. जाणार असलेल्या माणसाला हसऱ्या चेहऱ्यानं बरं वाटेल असं वागवून निरोप द्यायचा, ही त्यांच्या लेखी सभ्यता आहे. तू स्वतःच पाहुणा म्हणून नाव नोंदवलंस, त्यांनी पाहुणचार चालू ठेवला.

तेव्हा आधी तू तुझं ठरव. सांगलीला खरंच कधी परतणार आहेस? अजून तीन-चार वर्षं इथे काढायची असतील तर ते बोलून दाखव. सरावाच्या मधे नको. शेवटचं 'रेइ' (नमस्कार) झाल्यावर तुम्ही एकेका मोठ्यासमोर जाऊन सेइझात, गुडघे मोडून, बसून वाकता ना, तेव्हा. एवढंच म्हण: 'कोरे कारा मो कोचिरा दे ओसेवा नि नारिमासु. शोदान वा कोचिरा दे उकेताई देसु.' यापुढेही तुमच्याकडेच आहे, शोदान इथूनच द्यायचाय. परीक्षेचा अर्ज सहसा दोजोमार्फत प्रांताच्या संघाकडे जातो, त्यामुळे हे नुसतं गोड बोलणं राहत नाही. यापुढे तुझं नापास होणं ही त्यांच्या नावाचीही गोष्ट होते. बघ मग ओरडतात की नाही.

तुझा 'असाच का?' हा प्रश्नसुद्धा त्याच जागी विचारायचा होता. प्रश्न विचारायला बंदी नाही, पण पंधरा माणसं बोगु (चिलखत) घालून घामाघूम उभी असताना सगळ्यांचा सराव थांबवून नाही. आणि 'का'पेक्षा 'काय' विचार: पुढच्या आठवड्यापर्यंत कोणती एक गोष्ट सुधारू? मग पुढच्या आठवड्यात ती खरोखर सुधारून ये. सेन्सेई बोलत नसले तरी नेमकं हेच पाहत असतात. सांगितलेलं घरी नेलं, की दोजोतच सोडून गेला?

माझं सांगते. मी कानागावा प्रांतातल्या एका दोजोत गेले तेव्हा चाळिशी जवळ आली होती. पुण्यात शिकलेल्या जपानी भाषेचा फार अभिमान होता, त्यामुळे मी तुझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारायचे. सगळे खूप गोड वागायचे. चौथ्या वर्षी एका थंडीतल्या पहाटेच्या सरावात सेन्सेईंनी माझं किरिकाएशी (लागोपाठ फटक्यांचा सराव) मधेच तोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'हे खोटं आहे. पुन्हा.' पुन्हा केलं. 'पुन्हा.' सात वेळा. आपल्याला आता आपलं मानू लागले वगैरे विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला भयंकर राग आला. दोन आठवडे गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात गेले तर कुठे होतीस म्हणून कुणी विचारलं नाही, आणि सेन्सेईंचा पहिला शब्द होता, 'मिगिते.' ओरडून घ्यायची एवढी हौस असेल तर हेही माहीत असू दे.

फरशीचं मात्र मला तुझ्यावरच हसू आलं. 'पुसू का?' असं विचारलंस ना? विचारल्यावर कुणीही 'राहू द्या' म्हणणारच. आपणही पाहुण्याला ताट उचलू देत नाही. तुझ्या आजोबांच्या तालमीत नवीन पोरानं 'हौद्यातली माती उकरू का?' असं कधी विचारलं असेल? लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं, ती खाली-वर करायची, आणि कुणी न सांगता फावडं उचलायचं. तू वीस मिनिटं आधी जा. पोरं ओली फडकी घेऊन रांगेत धावायला लागली की एक फडकं उचल आणि रांगेत घूस. कंबर मोडेल. पोरं हसतील, हसू देत.

आणखी एक युक्ती सांगते, ही मला उशिरा कळली. शोदानला लढतीबरोबर लेखी परीक्षा आणि काता, म्हणजे ठरलेल्या वार-बचावांचा क्रम, हेही असतात. काता एकट्यानं होत नाही, जोडीदार लागतो, आणि बहुतेक दोजोंत काताचा सराव परीक्षेच्या तोंडावरच आठवतो. तुझ्याकडे साठी उलटलेले एखादे सेनपाई असतील ज्यांना लढतीत गुडघा साथ देत नाही पण काता जीव की प्राण असतो. त्यांना म्हण, मी अर्धा तास आधी येतो, माझ्याबरोबर कराल का? ते उचिदाची होतील, तू शिदाची. या प्रकारात जाणता माणूस आधी वार करतो आणि दरवेळी हरतो, शिकणाऱ्याला जिंकू देत शिकवतो. एका माणसाचं मंगळवारचं अर्ध्या तासाचं काम तुझ्यावाचून अडायला लागलं, की तू पाहुणा कसा राहशील? आणि ते 'गाइजिन जोरावर खेळतात' म्हणणारे सेनपाईच हे निघाले तर बहारच.

बोनेनकाईला जायला हवं होतंस. वर्षाच्या शेवटी सगळे एकत्र बसतात आणि सेन्सेई एकदाचे सेइझा मोडतात, त्या रात्री तू घरी. न पिणारे जपानी लोकही पुष्कळ असतात, उलोंग चहाचा ग्लास कुणाला खुपत नाही. दुसऱ्याच्या ग्लासात बिअर ओतता आली पाहिजे, बाटली दोन्ही हातांनी धरून, बस. खाण्याचं जरा अवघड आहे, ते खोटं सांगत नाही. एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) खा. हिया याक्को (थंड टोफू) मागव, पण त्यावर माशाचा कीस पसरतात, म्हणून आधीच 'कात्सुओबुशी नाशी दे' सांग. रश्श्यात दाशी, म्हणजे बहुधा माशाचा अर्क, असतेच, ती चालवायची की नाही हे घरी बसून ठरव, तिथे वेटरची उलटतपासणी करत बसू नकोस. वर्गणी इतरांइतकी दे, कमी खाल्लं म्हणून हिशेब काढू नकोस. पहिली फेरी संपली की सुट. दुसऱ्या बारला गेलंच पाहिजे असं काही नाही.

आता दुसऱ्या दोजोचं. जा, जरूर जा, पण गुपचूप नको. परक्या दोजोत जाऊन सराव करण्याला 'देगेइको' म्हणतात आणि तो राजमार्ग आहे. आपल्या सेन्सेईंना विचारून जायचं, तिकडे छोटासा खाऊ घेऊन जायचं, परत आल्यावर जाऊन आलो म्हणून सांगायचं. लपूनछपून गेलास तर एका प्रांतातले केन्दोवाले एकमेकांना किती ओळखतात ते कळेल. तिकडचे सेन्सेई तुझ्या परीक्षेच्या टेबलामागे बसलेले असू शकतात. तिथे इंग्रजीत सगळं छान उलगडून सांगतील, तुझे 'का' सुटतील, आणि तेही हवंच. मला स्वतःला असं वाटतं की निम्मे परदेशी असलेल्या दोजोत तू रमशील आणि शिकशीलही, पण पत्रात तू जे मागतोयस ते तिथे मिळणार नाही, कारण तिथे कुणीच पाहुणा नाही आणि कुणीच घरचं नाही. महिन्यातून एकदा जा.

कायमचं सोडावं असे दोजोही असतात, त्यांची खूण वेगळी. जोड्या बदलताना तुझ्यासमोर यायचं कुणी टाळत असेल, नवख्याच्या गळ्यावर मुद्दाम त्सुकी (टोकानं भोसकण्याचे वार) बसत असतील, चिलखत नसलेल्या जागी फटके पडूनही मोठी माणसं तिकडे बघत नसतील, तर बोगु गुंडाळायचं आणि निघायचं. तिथे संस्कृतीबिंस्कृती काही समजून घ्यायची गरज नाही. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. आणि आजोबांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वस्ताद हाक मारत नाही हे खरं असेल, पण तालमीत नवीन आलेला पोरगा 'चार दिवस आहे, बघू' म्हणाला असता तर आजोबांनीच त्याला किती हाका मारल्या असत्या?

राहिली ती पाटी. नाफुदा (ही नावाची पाटी) कधी लावायचा याचा सगळ्या दोजोंना लागू असा नियम नाही. कुठे सभासद झाल्यावर, कुठे पहिल्या दाननंतर, कुठे सुतारकाम जमणाऱ्या सभासदाला वेळ मिळाल्यावर. त्या बाईंची पाटी सहा महिन्यांत कशी लागली ते मला इथून दिसत नाही. कदाचित त्यांनी लहानपणी दान मिळवला असेल आणि आता पुन्हा सुरू केलं असेल, इथे हे फार सर्रास आहे, आणि पाट्या दानच्या क्रमानं लागतात. सेन्सेईंना थेट विचारू नकोस, काताच्या जोडीदाराला विचार, तेही दोन महिन्यांनी. पण तोवर एक काम कर. तुझं नाव कटाकानात (परदेशी नावांसाठी वापरतात त्या जपानी लिपीत) कसं लिहायचं ते एका कागदावर मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहून दोजोच्या खजिनदाराकडे देऊन ठेव. एखाद्या परदेशी नावाचे तुकडे कसे पाडायचे हे न कळल्यामुळे आणि विचारायच्या संकोचामुळे पाटी अडलेली मी पाहिली आहे. आडनाव तू कळवलं नाहीस, पण त्यात 'ळ' असेल तर आधीच ठरवून जा. मी ठरवलं नव्हतं. कमरेच्या पट्ट्यावरच्या नावात माझ्या 'ळ'चा 'रु' झाला, तसाच तो भिंतीवर चढला, आणि मागच्या वर्षी दुरुस्त करून घ्यायचं म्हटलं तर शाळेतली एक पोरगी म्हणाली, पण मग ही नवीन बाई कोण?